सामायिक मॉडेलवर काम करताना ‘अंतिम ड्रॉइंग’ कोणते धरावे? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. नाशिकमध्ये आमचे पाच जणांचे आर्किटेक्ट ऑफिस आहे. सध्या एका रुग्णालयाच्या इमारतीचे काम चालू असून आरसीसी सल्लागार पुण्याचे, तर प्लंबिंग आणि वातानुकूलनाचे सल्लागार मुंबईचे आहेत. आमच्यासह तिघांची, रेव्हिट या सॉफ्टवेअरमधली इमारतीची त्रिमितीय मॉडेले क्लाउडवर ठेवून एकमेकांना लिंक केलेली आहेत. त्यामुळे एसीचा डक्ट नेमका बीममध्ये घुसतो आहे, यासारख्या ज्या गोष्टी पूर्वी साइटवर गेल्यावरच कळत, त्या आता पडद्यावर आधीच दिसतात. ही सोय मला सोडायची नाही. अडचण वेगळीच आहे.

तीन आठवड्यांपूर्वी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब भरला. शटरिंग उतरवल्यावर लक्षात आले की ड्रेनेज पाइपासाठी बीममध्ये ठेवलेली 150 मिमी व्यासाची स्लीव्ह (पाइप आरपार नेण्यासाठीची नळी) पाइपाच्या जागेपासून तब्बल 400 मिमी बाजूला आहे. मागचा माग काढला तेव्हा कळले की प्लंबिंगच्या सल्लागारांनी स्लॅबच्या तीन दिवस आधी त्यांच्या मॉडेलमध्ये पाइप सरकवला होता. आमच्या मॉडेलमध्ये तो बदल दिसत होता, आरसीसी सल्लागारांनी मात्र लिंक रीलोड केली नव्हती, म्हणजे त्यांना जुनेच मॉडेल दिसत होते, आणि साइट सुपरवायझरच्या हातात होता तो कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेला जुन्या ड्रॉइंगचा फोटो. त्या फोटोत टायटल ब्लॉकचा (ड्रॉइंगचा तपशील लिहिलेल्या चौकटीचा) कोपराच कापला गेला होता, त्यामुळे रिव्हिजन क्रमांक पाहायची सोयही नव्हती. शेवटी बीममधल्या सळ्या स्कॅन करून, आरसीसी सल्लागारांनी दाखवलेल्या जागी कोअर कटिंग करावे, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडावे लागले. त्याचा खर्च कोणी सोसायचा, यावर अजून ईमेल चालू आहेत.

चूक कोणाची, हे मला प्रामाणिकपणे ठरवता आलेले नाही. पूर्वी ड्रॉइंगची प्रिंट निघे, तिच्यावर सही-शिक्का होई, जावक रजिस्टरमध्ये नोंद होई, आणि त्या नोंदीवरून एकाची जबाबदारी कुठे संपली व दुसऱ्याची कुठे सुरू झाली ते कळे. सामायिक मॉडेलमध्ये कोणी कोणाला काही पाठवतच नाही. प्रत्येक जण आपला बदल सिंक करतो आणि इतरांनी तो पाहिला असेल असे धरून चालतो.

बांधकामाची डिजिटल माहिती कशी सांभाळावी हे सांगणाऱ्या आयएसओ 19650 या मानकाचे 2018 साली आलेले पहिले दोन भाग वाचले. चालू काम, इतरांसाठी खुले केलेले, अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले आणि संग्रहात गेलेले, अशा माहितीच्या अवस्था त्यात मानल्या आहेत. कल्पना पटते. परंतु एका अवस्थेतून दुसरीत जाताना तपासून मान्यता देणारा माणूस लागतो, आणि आमच्याकडे तो माणूस म्हणजे मीच, जी सकाळी साइटवर आणि दुपारी महापालिकेत असते.

म्हणून विचारायचे आहे ते असे. स्लॅबच्या किती दिवस आधी तुम्ही मॉडेल गोठवता, आणि त्यानंतर सल्लागाराने बदल केलाच तर तो कोणत्या मार्गाने स्वीकारता? साइटवर फक्त सही केलेली पीडीएफच वापरली जाईल, अशी अट कॉन्ट्रॅक्टरच्या करारात घातली तरी व्हॉट्सॲपवरचे फोटो थांबतात का? शीटवर क्यूआर कोड छापून तो ताज्या रिव्हिजनशी जोडण्याचा विचार आहे, पण बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसते. आणि लिंक वेळेवर रीलोड करणे हे सल्लागाराचे कर्तव्य आहे, असे कोणी आपल्या करारात लिहून घेतले आहे का? घेतले असल्यास त्या कलमाची साधारण शब्दरचना सांगावी.

चौथ्या मजल्याचा स्लॅब दहा दिवसांवर आला आहे. लहान ऑफिसात हे निभावलेल्यांचे अनुभव वाचायला आवडतील. नवे सॉफ्टवेअर मात्र कृपया सुचवू नये; आहेत तीच पुरेशी झाली आहेत.