वडिलांसाठी स्वस्तातला लॅपटॉप – मदत हवी आहे, जरा तातडीने

भिंगरी
बाबांसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. स्वस्तातला, पण चालणारा. दोन दिवस नुसती माहिती वाचतेय आणि डोकं भंजाळून गेलंय. आय थ्री, रायझन, सेलेरॉन, अमकी जनरेशन, तमकी जनरेशन... प्रत्येक जण वेगळंच सांगतो. बाबांना यातलं काही कळत नाही. रविवारच्या आत घ्यायचाय, त्यानंतर मी दोन महिने इथे नसेन. कृपया सरळ एक मॉडेल सांगा.

खटपट्या
बजेट? नवा की वापरलेला चालेल? आणि मुख्य म्हणजे बाबा त्यावर करणार काय?

रानजाई
शिवाय वय किती, नजर कशी आहे, घरात वायफाय आहे का आणि तुम्ही नसताना अडलं तर मदतीला कोण आहे? हे कळल्याशिवाय मॉडेल सांगणं म्हणजे रोगी न बघता औषध देणं.

अधांतर
लॅपटॉप कशाला? टॅबलेट घ्या. माझ्या सासऱ्यांना घेऊन दिला, खूश आहेत. दिवसभर भजनं ऐकतात.

जुनाजाणता
कुठलाही जुना लॅपटॉप घ्या आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली टाका. हलकं आहे, फुकट आहे, मांडणी विंडोजसारखीच. माझ्या वडिलांना दहा वर्षांत एकदाही व्हायरस दिसलेला नाही.

भिंगरी
टॅबलेट मी विचारलेलाच नाही. भजनं ऐकायला फोन आहे त्यांच्याकडे.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. वायफाय आहे. मदतीला आई, पण तिलाही येत नाही. त्यांनी नोकरीत असताना लिहिलेल्या चार वह्या आहेत, त्या त्यांना स्वतः टाइप करायच्या आहेत. मराठीत. मी करून देते म्हटलं तर चक्क रागावले. बजेट कमी आहे, नव्या आय फाइव्हच्या वाटेला जाता येणार नाही. वापरलेला चालेल. मागच्या वर्षी घेतलेला अगदीच फुकट गेला, म्हणून या वेळी भीती वाटतेय.

खटपट्या
मागच्या वर्षी घेतलेला?? हे आधी सांगायचं ना! काय होता, आणि फुकट गेला म्हणजे नेमकं काय झालं?

भिंगरी
नवाकोरा होता. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. दुकानदार म्हणाला घरगुती वापराला भरपूर. चालू केला की दहा मिनिटं गोल गोल फिरत बसायचा. मग रोज 'जागा अपुरी, अपडेट होऊ शकत नाही' असा निरोप. बाबांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. एकदा मी घरी आले तर त्यांनी तो कापडात गुंडाळून कपाटात ठेवून दिला होता.

खटपट्या
बाबांचं काहीही चुकलेलं नाही, हे त्यांना जरूर सांगा. या वर्गातल्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, नसते, ईएमएमसी असते. फोनच्या मेमरीच्या जातीची, एसएसडीपेक्षा बरीच हळू आणि मदरबोर्डवरच जोडलेली, म्हणजे बदलताही येत नाही. विंडोज ११ ला कागदोपत्री किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. म्हणजे तुमचा लॅपटॉप पहिल्या दिवसापासून काठावर होता. अपडेट आधी उतरवून घ्यायला वेगळी जागा हवी, ती आणणार कुठून?

आता वापरलेलाच घ्या, पण ऑफिसांतून बाहेर पडलेला, बिझनेस मालिकेतला. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांपैकी जो चांगल्या स्थितीत मिळेल तो. कीबोर्ड दणकट असतो, आणि चार वह्या टाइप करायच्या म्हणजे तोच सगळ्यात महत्त्वाचा. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, पडदा १९२० बाय १०८० चा आणि आयपीएस, म्हणजे बाजूनेही स्पष्ट दिसणारा. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागचा नको. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं.

जुनाजाणता
म्हणूनच सांगतोय, मिंट टाका. पिढी बघायची गरजच नाही. मराठी कळफलक त्यातही आहे.

खटपट्या
आणि दोन महिन्यांत काही अडलं तर आईने टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं का? तुमच्या वडिलांजवळ तुम्ही आहात. इथे लेकच परगावी चाललीय.

जुनाजाणता
टर्मिनल उघडावं लागतं हा गैरसमज २०१० सालचा आहे. असो, आग्रह नाही. तो कपाटातला लॅपटॉप टाकून देऊ नका एवढंच. त्यावर मिंट नक्की बरं चालेल.

नीलपक्षी
कुठलाही घ्या, पण फसवणुकीबद्दल आधी सांगून ठेवा. माझ्या आईच्या पडद्यावर अचानक लाल पान आलं, मोठ्याने भोंगा आणि खाली फोन नंबर. तिने फोन केला. पलीकडच्याने संगणकाचा ताबा मागितला. मी तेवढ्यात पोचले म्हणून निभावलं. तेव्हापासून पडद्याशेजारी कागद चिकटवलाय: 'पडद्यावरच्या नंबरला फोन करायचा नाही. ऑल्ट धरून एफ फोर दाबायचं. तरी गेलं नाही तर बटण धरून बंद करायचं.'

अधांतर
चांगला अँटिव्हायरस विकत घ्या की.

नीलपक्षी
फोन करणारा माणूस अँटिव्हायरसने थांबत नाही हो. विंडोजमधलं डिफेंडर पुरे आहे. बाबांना साधं खातं द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा.

रानजाई
मी ज्येष्ठांना संगणक शिकवते, म्हणून सांगते. प्रोसेसरपेक्षा माउस महत्त्वाचा. टचपॅडवर कोरडी बोटं नीट उमटत नाहीत. आणि डबल क्लिक! पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्ये हात किंचित सरकतो, फाइल उघडायच्या ऐवजी दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते, आणि माणूस म्हणतो 'माझं लिहिलेलं गेलं'. फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकने उघडण्याची सोय आहे, ती आधी चालू करा. स्केलिंग, म्हणजे पडद्यावरच्या अक्षरांचा आकार, १५० टक्के. डेस्कटॉपवर फक्त वहीची फाइल ठेवा, बाकी सगळं काढा.

तुम्ही नसताना विंडोजमधलं क्विक असिस्ट, म्हणजे लांबून त्यांचा पडदा बघून मदत करायची सोय, वापरता येईल. तुम्ही कोड सांगायचा, त्यांनी तो टाकून परवानगी द्यायची. पण जाण्याआधी दोनदा सराव करा, आणि कोड फक्त लेकीच्याच आवाजात ऐकायचा हे ठरवून टाका.

भिंगरी
रानजाई, ते फाइल सरकणं! अगदी हेच व्हायचं. मी त्यांच्यावर ओरडलेही होते एकदा. आता फार वाईट वाटतंय.

भिंगरी
घेतला. वापरलेला लॅटिट्यूड, आठवी पिढी, ८ आणि २५६. खटपट्या म्हणाले तसा कीबोर्ड आधी बघितला, सगळ्या कळा एकेक दाबून. विंडोजमधल्या पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी रिपोर्टही काढून घेतला, मूळ क्षमतेच्या साधारण पाऊण भाग शिल्लक आहे. बाबा एका जागी बसूनच लिहिणार, त्यामुळे चालेल. वेगळा माउस आणला, कळांवर देवनागरी स्टिकर लावले. फोनवर ते बोटाने अक्षरं काढतात, म्हणून बोलून टाइप करायचं सुचवलं, तर म्हणाले लिहायचंय, बोलायचं नाही. इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी कळफलकाची मांडणी, शिकताहेत. काल अर्धं पान झालं.

आता प्रश्न त्यांचा आहे, त्यांनीच विचारायला सांगितलंय: 'दुसऱ्या' मधला ऱ्या कसा काढायचा? 'दुसर्या' असं उमटतंय आणि तसं चुकीचं ठेवून ते पुढच्या शब्दाला जायला तयार नाहीत.

रानजाई
बरोबर आहे त्यांचं, का ठेवायचं? साध्या र ला जे ची कळ आहे ना, तीच शिफ्ट धरून दाबायची, म्हणजे ऱ येतो. मग डी ने पाय मोडायचा, मग य, म्हणजे प्रश्नचिन्हाची कळ शिफ्ट न धरता, आणि शेवटी ई ने काना. 'सूर्य' लिहिताना मात्र साधाच र.