मदत हवी आहे: एजंट चुकीचंच टूल उचलतोय

गोदाकाठ
वैताग आलाय. शेतकरी गटासाठी कांदाभाव सांगणारा एआय एजंट, म्हणजे चॅटबॉट, केलाय. "आज लासलगावला काय निघाला?" विचारलं की कधी बरोबर सांगतो, कधी आवकेचा आकडाच भाव म्हणून देतो, तर कधी टूल (माहिती आणून देणारं फंक्शन) न चालवता मनानेच आकडा ठोकून देतो. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे बॉटला दिलेल्या सूचनांत, "नेहमी टूल वापर" असं लिहून झालं. शनिवारी गटाला दाखवायचाय. लवकर सांगा कोणीतरी.

सेमीकोलन
टूल्स किती? नावं काय? वर्णनात काय लिहिलंय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

भटका_जोगी
बॉटमागचं एआय मॉडेल बदला. मी मोठं घेतलं आणि कटकट मिटली.

सेमीकोलन
जोगी, वर्णन बघितल्याशिवाय थेट मॉडेल बदलायला सांगताय? मोठं मॉडेल अंदाज बरा बांधेल, पण तो अंदाजच. आणि दर मेसेजला पैसे जास्त.

गोदाकाठ
साधीच आहेत हो. गेट_डेटा: "मार्केट डेटा देते". गेट_रेट: "रेट देते". सर्च_मार्केट: "मार्केट शोधते". पॅरामीटर मार्केट आणि डेट, दोन्ही स्ट्रिंग (साधा मजकूर). डेटा पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यातला.

विदुला_प
दुखणं इथेच आहे. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याच्यासमोर येतं फक्त नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कोणती माहिती कशी द्यायची त्याचा आराखडा). 'मार्केट डेटा'मध्ये रेट येत नाही हे त्याने कशावरून ओळखायचं? गेट_डेटाचं नाव गेट_आवक करा आणि गेट_रेटला असं काही लिहा:

"एका बाजार समितीतील एका शेतमालाचा एका दिवसाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देते. दर रुपये प्रति क्विंटल. भाव, रेट, 'काय निघाला' असे प्रश्न आले की हे वापरावे. आवक यात मिळत नाही, त्यासाठी गेट_आवक. त्या दिवशीची नोंद नसेल तर रिकामी यादी येते. तेव्हा आकडा स्वतःहून सांगू नये, नोंद नाही असे कळवावे."

तारखेलाही वर्णन हवं. ०५/०३/२०२५ म्हणजे ५ मार्च की ३ मे? फॉरमॅट लिहा, उदाहरण द्या. आणि 'आज' कोणती तारीख हे मॉडेलला आपोआप कळत नाही, ती सिस्टम प्रॉम्प्टमधून द्या.

कोडवाला_बंड्या
सर्व्हर कुठे ठेवलाय? माझा घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मस्त चालतो. हवं तर सेटअप टाकतो.

सेमीकोलन
विदुलाताई, वर्णन इंग्रजीत ठेवा. देवनागरीला टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) जास्त लागतात, आणि वर्णनं दर कॉलबरोबर जातात.

विदुला_प
वाक्यं इंग्रजीत ठेवा, हरकत नाही. पण 'काय निघाला', 'उन्हाळ' (उन्हाळी कांदा), 'गोल्टी' (बारीक कांदा) हे शब्द जसेच्या तसे हवेत. शेतकरी तेच टाइप करणार. चार टोकन वाचवायला चुकीचा भाव सांगायचा का?

आप्पा_निफाड
मला टूल वगैरे कळत नाही, पण लासलगाव म्हणजे कुठलं? तक्त्यात लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर अशा वेगवेगळ्या ओळी असतात. लाल वेगळा, उन्हाळ वेगळा. आणि सर्वसाधारण दर म्हणजे प्रत्येकाच्या ट्रॅक्टरला तोच मिळाला असं नव्हे. कमाल दर ऐकून माणूस माल भरून निघतो आणि मग आडत्याशी भांडण. किमान-कमाल दोन्ही सांगत जा.

सेमीकोलन
आप्पांचा मुद्दा अगदी नेमका आहे. मार्केट मोकळी स्ट्रिंग ठेवू नका, ठरलेल्या नावांची एनम (enum) यादी द्या, त्यातलंच एक निवडता येईल.

विदुला_प
राज्यात ३०० हून जास्त बाजार समित्या आहेत, सगळ्या एनममध्ये कोंबणार? त्यापेक्षा सर्च_मार्केटच्या वर्णनात "नाव नक्की माहीत नसेल तर आधी हे चालवावे" असं टाका. आणि गेट_रेटला नाव नेमकं कळलं नाही तर नुसतं 'एरर' परत करू नका. "लासलगाव नावाच्या ३ नोंदी आहेत, कोणती ते वापरकर्त्याला विचारा" असा मजकूर द्या. मॉडेल तो वाचतं आणि पुढचं पाऊल त्यावरून ठरवतं.

गोदाकाठ
नावं आणि वर्णनं बदलली. आवक-भावाची गल्लत थांबली, विंचूर की निफाड तेही विचारतो. पण "गोल्टीला काय भाव?" म्हटलं की उन्हाळचा सर्वसाधारण दर देतोय. तक्त्यात गोल्टीची वेगळी ओळच नाही. हे वर्णनात लिहू की प्रॉम्प्टमध्ये?

विदुला_प
वर्णनात. "गोल्टीचा वेगळा दर मिळत नाही" असं सरळ लिहा. टूल काय देत नाही हेही त्याला तिथेच कळायला हवं.

भटका_जोगी
मोठं मॉडेल एकदा बघाच तरी.

आप्पा_निफाड
शनिवारी कुठे दाखवताय? मीही येतो, गोल्टीचं तोंडीच विचारीन.