बीडाचे (कास्ट आयर्नचे) स्टीम रेडिएटर गळतायत: पॅकिंग बदलू की वेल्डिंग करू?

टॉवेल_अक्कलकोटरोड
सोलापूर एमआयडीसी. टॉवेल ड्रायरला बीडाचे जुने आठ रेडिएटर, स्टीमचं प्रेशर साडेतीन किलो. एकाच्या फ्लँजमधून (बोल्टच्या जोडातून) सकाळी पाणी ठिबकतं, तापल्यावर थांबतं. दुसऱ्याच्या खालच्या हेडरला (आडव्या मुख्य नळीला) बोटभर चीर, तिथून सतत वाफ. इपॉक्सी पुटी आठवड्यात सुटली.

बॉयलरवाला
मालक, साडेतीन किलोला वाफ सुमारे १४७ अंशांची. साधी पुटी तिथं टिकत नाही.
फ्लँजला पॅकिंग बदला. लाइन बंद, ड्रेन उघडा, आपोआप गार होऊ द्या. तापल्या बीडावर पाणी मारलं की तडकतं. जुनी पॅकिंग ॲस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून ओली करून खरवडा. नवी २ मिमी ग्रॅफाइट शीट बोल्टच्या भोकांसकट फ्लँजभर कापा. नुसती आतली रिंग घातली तर आवळताना बीडाचा फ्लँज मोडतो. समोरचा स्टीलचा फ्लँज उठावाच्या फेसचा (मधला भाग वर आलेला) असेल तर लेथवर सपाट करून घ्या. बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत आवळा.

वेल्डिंग_होटगीरोड
चिरेला माइल्ड स्टीलचा रॉड अजिबात नको. वेल्डच्या कडेचं बीड कडक होतं आणि तिथूनच पुन्हा फाटतं. डाय पेनिट्रंटनं (चिरेत शिरणाऱ्या रंगानं) चिरेची खरी टोकं शोधा, दोन्हीकडे ३ मिमी भोक पाडा, मग चिरेवर व्ही आकाराची खाच ग्राइंड करा. निकेल रॉडनं २५ मिमीचे टाके (वेल्डचे छोटे तुकडे). प्रत्येक टाका गरम असतानाच हलक्या हातोडीनं ठोका, आणि हात ठेवता येईल इतका गार झाल्यावरच पुढचा. टाक्यात छिद्रंच पडत राहिली तर बीड आतून खाल्लंय, सेक्शन बदला.
टेस्ट थंड पाण्यानं, सव्वापाच किलोला. हवेनं नको, फुटलं तर तुकडे उडतात.

बॉयलरवाला
चीर खालीच का आली, ते बघा. ट्रॅप (वाफ अडवून पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) कसे आहेत?

टॉवेल_अक्कलकोटरोड
आठांना मिळून एकच, थर्मोडायनॅमिक (चकतीचा). पाणी बोअरचं, सॉफ्टनरमधून.

बॉयलरवाला
मग दुखणं तिथंच आहे. एका ट्रॅपवर आठ जोडले की ज्यात प्रेशर कमी, त्याचं पाणी निघत नाही; ते तुंबतं आणि वाफ आली की आपटतं. प्रत्येकाला स्वतंत्र बॉल फ्लोट ट्रॅप, आधी स्ट्रेनर (गाळणी), लाइनला ट्रॅपकडे उतार. सॉफ्टनर पाण्याचा जडपणा काढतो, बायकार्बोनेट नाही. त्याचा बॉयलरमध्ये कार्बन डायऑक्साइड होतो आणि तुंबलेलं पाणी आम्लधर्मी होऊन बीड खातं. परतीच्या पाण्याचा पीएच मोजा. ८ च्या खाली असेल तर केमिकलवाल्याकडून अमाइनचा (आम्ल मारणाऱ्या रसायनाचा) डोस ठरवून घ्या. ट्रॅप आधी, वेल्डिंग नंतर.