सेमिनारचा विषय लहान धरा
सेमिनार म्हणजे निबंध वाचणाऱ्यानेच तयारी करायची, बाकीच्यांनी ऐकायचं, असं एक मत आहे. सेमिनार तिथेच फसतो. निबंध 4 दिवस आधी सगळ्यांच्या हाती हवा, आणि दोघांनी तरी लेखी प्रश्न आणायचेच.

‘विदर्भातील कापूस’ 20 मिनिटांत मावत नाही. ‘2017 च्या गुलाबी बोंडअळीनंतर आपल्या दोन गावांतली कपाशी’ मावते. सातबाऱ्यावरचा पीकपेरा आधीच्या-नंतरच्या 3-3 वर्षांचा काढा. त्यात पेरा कळतो, नुकसान नाही. म्हणून दहा-बारा शेतकऱ्यांना भेटायचं. तेही दसऱ्याच्या आत, वेचणी लागली की बोलायला सवड कोणाला?

सेमिनारमध्ये वाटायच्या टिपणाच्या झेरॉक्स आदल्या दिवशीच काढा. ऐनवेळी लाईन गेली की प्रोजेक्टर काय कामाचा!