मदत हवी आहे: इंटररेगच्या सीमापार प्रकल्पात छोट्या कंपनीने भागीदार व्हावं का?

नमस्कार मंडळी,

जर्मनी-नेदरलँड्सच्या बाजूला राहणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारते. युरोपीय संघाच्या इंटररेग अनुदानातल्या (शेजारी देशांनी सीमेपलीकडे मिळून काम करावं म्हणून दिल्या जाणाऱ्या) प्रकल्पात कुणी छोट्या कंपनीतर्फे काम केलंय का? विद्यापीठातर्फे केलेले ओळखीत आहेत, पण त्यांचं गणित वेगळं असतं. महिनाअखेरपर्यंत मला मालकांना हो की नाही ते सांगायचंय.

मी नेदरलँड्समधल्या एन्स्केडेला राहते, मूळची इचलकरंजीची. घरी वडिलांचे आठ पॉवरलूम होते, त्यामुळे सूत, सायझिंग, कांडी हे शब्द ऐकतच वाढले. एन्स्केडेही गिरण्यांचं गाव. साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि सीमेपलीकडे जर्मनीतल्या ग्रोनाऊ, नॉर्डहॉर्न, बोखोल्टलाही पुढे तेच झालं. आता याच पट्ट्यात जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढायचे प्रयत्न चालू आहेत. आमची सहा जणांची कंपनी त्यासाठी लागणाऱ्या यंत्रांचे भाग बनवते: काटेरी ड्रम, आणि बटणं-चेनी वेगळ्या काढणारा भाग.

काम किती अवघड आहे ते सांगते. परवा एका टी-शर्टचा पिंजलेला पुंजका पट्टीशेजारी ठेवून बघितला. बरेचसे तंतू १०-१५ मिलिमीटरचे. नवा कापूस साधारण २५-३० मिलिमीटरचा असतो. एवढ्या आखूड तंतूचं नुसतं सूत कातलं तर ते टिकत नाही, नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावंच लागतं. कपड्यात इलॅस्टेन (रबरासारखा ताणला जाणारा धागा) असेल तर आणखी पंचाईत. ते तुटत नाही, ताणलं जाऊन ड्रमच्या दातांना गुंडाळतं, आणि मग यंत्र थांबवून कटरने कापून काढायचं. आमचा नवा भाग नेमका यावर आहे आणि मला तो मनापासून पुढे न्यायचाय. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक झालंय. माल येतोय, पण त्याचं पुढे काय करायचं याची सोय अपुरी आहे.

आता प्रकल्पाबद्दल. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या संस्था आणि कंपन्या मिळून अर्ज करताहेत. एक शिक्षणसंस्था लीड पार्टनर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने जबाबदार मुख्य भागीदार, आहे. आमच्या वाट्याचं काम तीन वर्षांचं, बजेट साधारण दीड लाख युरो. त्यातले ७० टक्के युरोपचा निधी आणि दोन्हीकडची सरकारं मिळून देणार, ३० टक्के आमचे. ऐकायला छान आहे, पण तीन ठिकाणी घोडं अडलंय.

पहिलं, पैसे आधी आपण खर्च करायचे आणि नंतर ते परत मिळणार. दर सहा महिन्यांनी अहवाल, मग तपासणी, मग लीड पार्टनर सगळ्यांचा हिशेब एकत्र करून पाठवणार, मग पैसे. आमच्यासारख्यांच्या खात्यात दोन-तीन महिन्यांच्या पगारापुरतीच शिल्लक असते. तुम्ही हा मधला काळ कसा काढलात?

दुसरं, खर्चाची पद्धत. अर्जात वेगवेगळे सरसकट दर (एका खर्चाची बिलं न दाखवता तो दुसऱ्या खर्चाच्या ठरावीक टक्के धरायचा) निवडायला दिलेत. लीड पार्टनरने सगळ्यांसाठी एकच सुचवलाय: पगार म्हणजे इतर थेट खर्चाच्या २० टक्के. त्यांना तो सोपा पडत असेल. आम्हाला परवडेल का?

तिसरं माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलंय. आमच्या पहिल्या मसुद्यावर शेरा आला, "सीमापार मूल्य दिसत नाही." आम्ही लिहिलं होतं की दोन्ही देशांतल्या ज्ञानाची देवाणघेवाण होईल. मग आणखी काय लिहायचं असतं?

वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "चिंध्या पिंजायला सरकार पैसं देतंय व्हय? मग घे की, पर हिशेब आधी मांड." त्यांचं ऐकूनच हा धागा काढलाय. कृपया अनुभवाचं सांगा.

प्रतिसाद: हिशेबनीस

ताई, वडिलांचं खरं आहे, आधी हिशेबच मांडू. मी एका छोट्या कंपनीचे असे दोन प्रकल्प सांभाळलेत.

२० टक्क्यांना तुमच्या जागी मी सरळ नाही म्हणेन. तो दर यंत्रसामग्रीवर जास्त खर्च करणाऱ्यांच्या सोयीचा आहे. समजा तुमचा सामान, प्रवास वगैरे इतर थेट खर्च ३६,००० आहे. त्याच्या २० टक्के म्हणजे पगारापोटी तीन वर्षांत ७,२०० युरो! तुमचं काम तर माणसांचं आहे.

उलटा पर्याय बघा: प्रत्यक्ष पगार दाखवायचा आणि त्याच्या ४० टक्के सरसकट बाकी सगळ्या खर्चापोटी घ्यायचे. पगार १,०५,००० धरला तर वर ४२,००० मिळतात, बेरीज १,४७,०००. त्या ४२,०००ची बिलं कुणी मागत नाही. तुमचा इतर खर्च त्याच्या आत बसत असेल तर डोळे झाकून हाच घ्या. मोठं यंत्र विकत घ्यायचं असेल तर मात्र हा पर्याय तोट्यात जातो. एका भागीदाराने एक दर घेतला म्हणजे सगळ्यांनी तोच घ्यायचा असं नसतं, पण तुमच्या कार्यक्रमाच्या नियमपुस्तिकेत खात्री करून घ्या.

पगाराचा तासाचा दर काढायची रीतही ठरलेली आहे: वर्षाचा एकूण पगारखर्च भागिले १,७२०. म्हणजे ६०,२०० पडत असतील तर तासाला ३५ युरो. मालक स्वतः पगारपत्रकावर नसतील तर त्यांच्या तासांचं काय, हे आधीच लेखी विचारा. आमचं पहिल्या वेळी तिथेच अडलं आणि एका अख्ख्या सहामाहीचे तास वाया गेले.

आता रोख रक्कम. १,४७,०००चे सहा हप्ते केले तर प्रत्येक सहामाहीला २४,५०० खर्च. पहिली सहामाही संपली की कागद जमवायचे. तपासणीला नियमाप्रमाणे तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, त्यानंतर एकत्रित मागणी आणि मग पैसे. तोवर दुसरी सहामाहीसुद्धा संपलेली असते. म्हणजे पहिला युरो परत येण्याआधी तुमचे पन्नास-साठ हजार बाहेर पडलेले असतील. तेवढे नसतील तर आजच बँकेशी बोला. मंजुरीपत्र दाखवलं की आमच्या बँकेने ओव्हरड्राफ्ट वाढवून दिला होता, व्याज मात्र आपल्या खिशातून.

आणि शेवटी तुमचे ३० टक्के, साधारण ४४ हजार, तीन वर्षांत कुठून येणार ते मालकांनी कागदावर लिहून द्यावं.

प्रतिसाद: सीमेवरचा

वर पैशांचं छान आलंय, मी तिसऱ्या मुद्द्यावर लिहितो.

"ज्ञानाची देवाणघेवाण" प्रत्येक अर्जात असते. मूल्यमापन करणारे एवढंच शोधतात की सीमा नसती तर हा प्रकल्प लागलाच नसता का, आणि एकाच देशात तो करता आला असता का. नियमाने किमान दोन देशांतले भागीदार लागतात. आखणी आणि अंमलबजावणी एकत्र हवी, शिवाय माणसं किंवा पैसा यांतलं किमान एक तरी सामायिक हवं. ही झाली पात्रता, पण तिच्यावर गुण मिळत नाहीत.

तुमच्या गोष्टीत सीमा अगदी समोर उभी आहे, तुम्ही ती लिहिलीच नाहीत. जुन्या कपड्यांची गठडी ग्रोनाऊहून एन्स्केडेला येते, तेव्हा ती कचरा आहे की कच्चा माल? कचरा कधी संपतो आणि वस्तू कधी सुरू होते, हे प्रत्येक देश बऱ्याच अंशी आपापल्या परीने ठरवतो. कापडाचा कचरा बाझल कराराच्या (कचऱ्याच्या देशादेशांतल्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार) हिरव्या, म्हणजे बिनधोक्याच्या कचऱ्याच्या, यादीत बी३०३० या नोंदीखाली येतो. तो सीमा ओलांडताना सोबत माहितीचा कागद लागतोच. आणि एका बाजूला ज्या पिंजलेल्या तंतूला माल म्हणतात त्याला दुसऱ्या बाजूला अजून कचरा म्हणत असतील, तर सूत कातणारं गिऱ्हाईक कचरतं. दोन गावांमधलं अंतर रेल्वेने काही मिनिटांचं, पण मालाची ओळख वाटेतच बदलते.

तुमच्या यंत्रातून निघालेला तंतू दोन्हीकडे "माल" ठरायला त्याची लांबी, शुद्धता, इलॅस्टेनचं प्रमाण किती असावं, याची चाचणी दोन्ही बाजूंच्या भागीदारांनी मिळून ठरवायची. हे एकाच देशात बसून करताच येत नाही. तुमचं सीमापार मूल्य ते आहे, आणि ते सांगायला पट्टीवर ठेवलेला तो पुंजका पुरेसा आहे. अर्जात त्याचा फोटो लावा.

अजून एक. कंपनी आहात, म्हणजे सरकारी मदतीचे नियम लागणार. डी मिनिमिसची (एका कंपनीला सरकारकडून घेता येणाऱ्या छोट्या मदतीची) मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून तीन वर्षांत ३ लाख युरो झाली आहे. तुमची रक्कम त्यात बसते, पण याआधी घेतलेली तशी मदत त्यात मिळवावी लागते. मालकांची दुसरी कंपनी असेल तर दोन्ही मिळून एकच कंपनी धरली जाऊ शकते. आत्ताच यादी काढा.

भागीदारी करारही नीट वाचा. पुढे काही खर्च अपात्र ठरला तर वसुली लीड पार्टनरकडून होते आणि तो ती तुमच्याकडून घेतो. त्यामुळे त्यांचा हिशेब विभाग कसा आहे, हे विचारण्यात संकोच कसला? आणि या कालावधीतला खर्च ३१ डिसेंबर २०२९ पर्यंतचाच धरतात, तीन वर्षं मोजून बघा.

सगळ्यात आधी युरेगिओच्या ग्रोनाऊच्या कचेरीत जा. ती संस्था १९५८ पासून सीमेच्या या कामात आहे, इंटररेग १९९०चं. अर्ज लिहायच्या आधी भेटणाऱ्यांना ते वेळ देतात. जर्मन किंवा डच येणारं कुणी सोबत न्या.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री तुमचे प्रतिसाद मालकांना डचमध्ये तोंडीच भाषांतर करून सांगितले. ७,२०० ऐकल्यावर ते उठून उभे राहिले. आम्ही ४० टक्क्यांवर जातोय आणि लीड पार्टनरला आज तसं लेखी कळवलं. आमचा इतर खर्च, नमुना यंत्राचं सामान धरून, ३६ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे बसतो.

दोन गोष्टी मात्र समोर आल्या. मालकांच्या पत्नीच्या नावावर एक छोटी कंपनी आहे आणि तिने दोन वर्षांपूर्वी मदत घेतली होती. तिची रक्कम शोधतोय. आणि मालक खरंच पगारपत्रकावर नाहीत. त्यांचे तास बजेटमधून काढून माझे आणि कार्यशाळेतल्या सहकाऱ्याचे वाढवले.

गठडीच्या मुद्द्याने मात्र माझी झोप उडवली. लहानपणी आमच्या लूमवरचं वेस्ट सूत वडील पोत्यात भरून विकायचे, रग विणणारे ते घेऊन जायचे. त्याला कचरा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. वजनाने विकला जाणारा तो मालच होता. इथे तोच मला फॉर्मवर सिद्ध करायचाय, आणि ते करायला आवडेल.

युरेगिओत गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. एन्स्केडेहून गाडीने जाते. सोबत तीन पुंजके नेतेय: नुसत्या कापसाचा, कापूस-पॉलिस्टरचा, आणि इलॅस्टेनवाला, ड्रमवरून कापून काढलेला. तोवर कुणी बी३०३०चा कागद स्वतः भरला असेल तर पिंजलेल्या तंतूचं वर्णन त्यात कोणत्या शब्दांत केलं, तेवढं जरूर लिहा.