पांढरे ठिपके: औषध लगेच थांबवू नका
निपाणीच्या एका दादांच्या टाकीतल्या माशांवर पांढरे ठिपके (हा परजीवीचा रोग) परत आले, कारण मासे स्वच्छ दिसताच त्यांनी औषध बंद केलं. माशाच्या कातडीत बसलेल्या परजीवीला औषध लागतच नाही. तो गळून टाकीच्या तळाशी जातो, तिथे फुटतो आणि पाण्यात पोहणारी त्याची पिल्लंच औषधाने मरतात. त्यामुळे शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर डोस चालू हवा. बेळगाव-खानापूरकडच्या थंडीत हे चक्र लांबतं. हीटरने पाणी तासाला एक अंश या बेताने 29-30 अंश सेल्सियसवर न्या आणि एअर पंप जोरात ठेवा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर महागडं औषध तोच पितो! औषधात मॅलाकाइट ग्रीन हे रसायन असेल तर लोच, कॅटफिश अशा बिनखवल्यांच्या किंवा नाजूक माशांना निम्माच डोस. खडे मीठ लिटरला 1 ते 2 ग्रॅम, मगात विरघळवून, दोन-तीन वेळा विभागून. टाकीत झाडं असतील तर मीठ नकोच.