पाऊस लागला की डायल-अप तुटतं: लाइन की मोडेम?

(विंडोज ९८ च्या काळातली चर्चा. तेव्हा डायल-अप, म्हणजे मोडेमने फोनच्या तारेवरून नंबर फिरवून इंटरनेट लावलं जाई.)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून विचारतात:
नमस्कार. विंडोज ९८, आत पीसीआय स्लॉटमध्ये बसवलेला ५६ के मोडेम. गाव वाळपईपासून आत, फोन गावातल्याच छोट्या एक्स्चेंजवरून येतो. कोरड्या दिवशी २६,४०० ला (सेकंदाला इतके बिट) जोडणी होते, फार तर २८,८००. पावसाची सर आली की पाच-दहा मिनिटांत तुटते. मग पुन्हा लावताना कधी एरर ६८०, कधी ६७८. बोलताना आवाज ठीक वाटतो. वायर खांबावरून पडवीतल्या डबीत येते, तिथून १५ मीटर आतल्या खोलीत कॉम्प्युटरपर्यंत. वाटेत दुसरा फोन जोडलाय. दुकानदार म्हणतो बाहेरून जोडायचा मोडेम घ्या. घ्यावा का?

जुनी_तार:
मोडेम इतक्यात घेऊ नका. पावसात बिघडतं आणि उन्हात सुधारतं, म्हणजे दोष तारेत आहे.

कानाने सुरुवात करा. रिसीव्हर उचला, कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल आणि काही सेकंद लाइन शांत राहील. त्या शांततेत काय ऐकू येतं ते महत्त्वाचं. कडकड, खरखर असेल तर एखादा जोड सैल आहे किंवा गंजून हिरवा पडलाय. सलग घूं असा आवाज असेल तर दोन तारांपैकी एक कुठेतरी ओल्या भिंतीला किंवा झाडाला लागून जमिनीत गळतेय. बोलताना हे कळत नाही, कारण माणसाचा आवाज त्याच्यावर मात करतो. मोडेमला मात्र तेवढी खरखरही पुरते. ही चाचणी पाऊस पडत असताना करा, कोरड्या दिवशी तिचा उपयोग नाही. विजा चमकत असतील तर मात्र रिसीव्हरलाही हात लावू नका.

मग लाइन अर्धी करून बघा. पडवीतल्या डबीतून घरात जाणाऱ्या दोन्ही तारा सोडवा, म्हणजे दुसरा फोनही तुटेल. कॉम्प्युटर उचलून पडवीत आणा, मोडेम थेट डबीला जोडा आणि पाच वेळा लावून पाचही आकडे लिहून ठेवा. आकडा वाढला तर दोष घरात. तसाच राहिला तर तो खांबाकडे. एवढं कळल्याशिवाय तक्रार केली तर लाइनमन येऊन फोन चालतो असं सांगून जातो.

मल्टीमीटर असेल तर: फोन ठेवलेला असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसायला हवं, उचलल्यावर ते ६ ते १२ वर येतं. सगळं सोडवून ४८ आणि दुसरा फोन जोडल्यावर ४० दिसलं, तर तो फोनच लाइन खातोय. रिंग येते तेव्हा तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतं, म्हणून जोड हाताळताना जपून.

आरएस२३२:
घरातली १५ मीटर वायर कुठली आहे? बरेच जण लाइटची दोन पदरी चपटी वायर ओढतात. तिला पीळ नसतो, त्यामुळे शेजारच्या वीजवायरीचा आणि ट्यूबच्या चोकचा गुणगुणाट ती उचलते. पिळाची टेलिफोन वायर घ्या, वीजवायरींपासून वीतभर लांब ठेवा आणि चिऱ्याच्या भिंतीला चिकटवू नका. पावसाळाभर ती भिंत ओलीच असते. मध्ये जोड नको, सलग तुकडा हवा. दुसऱ्या फोनचा फाटाही मधूनच काढू नका, डबीपासून वेगळा न्या.

बाहेरच्या (सीरियल पोर्टच्या) मोडेमचे फायदे खरे आहेत: दिवे दिसतात, प्रोसेसरवर भार पडत नाही, लिनक्सवर सरळ चालतो. पण ओली तार तो वाळवत नाही.

सत्तरीतून:
दोघांचेही आभार. डबीवर पाच वेळा लावला: ३१,२००, ३१,२००, २८,८००, ३१,२००, ३१,२००. आतल्या खोलीत २६,४०० च. वायर लाइटचीच निघाली, बदलतोय. पण ५६ के मोडेम ३१,२०० च्या वर का जात नाही? शेजाऱ्यांकडेही तेच.

जुनी_तार:
उत्तर तुमच्या आकड्यातच आहे. २६,४००, २८,८००, ३१,२००, ३३,६०० हे व्ही.३४ चे, म्हणजे ५६ के च्या आधीच्या मोडेम-पद्धतीचे वेग, २,४०० च्या पायऱ्यांनी चढणारे. व्ही.९०, म्हणजे ५६ के ची पद्धत, लागलं असतं तर आकडे २९,३३३, ३२,०००, ४४,०००, ४५,३३३ असे विचित्र दिसले असते. म्हणजे तुमचा मोडेम व्ही.९० वर पोचतच नाही.

कारण असं. व्ही.९० चालायला इंटरनेटवाल्याकडून तुमच्या एक्स्चेंजपर्यंतचा सगळा रस्ता डिजिटल हवा. फक्त एक्स्चेंज ते घर हा शेवटचा तुकडा ॲनालॉग. गावातलं छोटं एक्स्चेंज मोठ्याला ॲनालॉग जंक्शनने (दोन एक्स्चेंजमधल्या तारेने) जोडलेलं असेल तर वाटेत आणखी एकदा रूपांतर होतं आणि व्ही.९० तिथेच संपतं. शेजाऱ्यांकडेही तोच आकडा, म्हणून संशय तिथेच जातो. ऑफिसातल्या इंटरकॉमवरून लावलं तरी बहुधा हेच होतं. तुम्ही घरात काहीही बदललं तरी ३३,६०० ही कमाल.

तेव्हा मोडेमला व्ही.९० चा नाद सोडायला लावा. कंट्रोल पॅनेल, मोडेम्स, प्रॉपर्टीज, कनेक्शन, ॲडव्हान्स्ड, एक्स्ट्रा सेटिंग्ज. कोनेक्संटची चिप असेल तर +एमएस=व्ही३४, ल्युसेंटची असेल तर एस३८=०. जुळणीची (दोन मोडेम एकमेकांशी जमवून घेतात तेव्हाची) किंकाळी लवकर संपते आणि जोडणी जास्त टिकते. पलीकडच्या मोडेमने उचललं की कॉल मोजला जातो, जुळणी फसली तरी. म्हणून बिलातही फरक पडतो.

त्याच चौकटीत एस१०=५० घाला. क्षणभर सिग्नल गेला तर मोडेम मुळात सुमारे दीड सेकंदात फोन ठेवतो, आता पाच सेकंद थांबेल. माडाचं चुडत तारेवर आपटलं किंवा कॉल वेटिंगची बीप आली तरी जोडणी वाचण्याची शक्यता वाढते.

खारा_वारा:
६८० म्हणजे मोडेमला डायल टोन ऐकू आला नाही, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. कानाला टोन येत असूनही ६८० येत असेल तर "वेट फॉर डायल टोन" ची खूण काढा. मात्र मग दुसऱ्या फोनवर कोणी बोलत असलं तरी मोडेम त्याच्या कानात नंबर फिरवील.

डायल-अपच्या सर्व्हर टाइप्समध्ये टीसीपी/आयपी (इंटरनेटची भाषा) तेवढं ठेवा. नेटबीईयूआय, आयपीएक्स (ऑफिसातल्या नेटवर्कच्या भाषा) आणि "लॉग ऑन टु नेटवर्क" काढून टाका. पासवर्डनंतर ताटकळणं कमी होतं.

बाहेरची डबी समुद्राकडे मिठाने गंजते, तुमच्याकडे ओलीने. स्क्रू सोडवून तारेची टोकं कापून नवी सोला, आणि वायर डबीत खालून शिरू द्या. बाहेर एक सैल वळण ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं.

आरएस२३२:
विजांचं राहिलं. मे अखेरचा गडगडाट आणि चवथीनंतर परतीचा पाऊस, हे दोन काळ मोडेमला सगळ्यांत वाईट. कॉम्प्युटर नुसता बंद करून भागत नाही, कारण वीज फोनच्या तारेने शिरते आणि कॉम्प्युटरच्या अर्थिंगमधून बाहेर पडते. मोडेम नेमका त्या वाटेत. फोनची पिन आणि वीजेचा प्लग, दोन्ही हाताने उपसा, तेही गडगडाट जवळ यायच्या आधी.

डबीवर तीन टोकांची गॅस ट्यूब (विजेचा झटका जमिनीत वळवणारी) लावता येते, पण तिला चांगलं अर्थिंग हवं. जांभ्याच्या जमिनीत नुसती सळई ठोकून ते मिळत नाही, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं.

मेलेला मोडेम विंडोजला पुष्कळदा दिसत राहतो, डायग्नोस्टिक्सला उत्तरही देतो, कारण जळलेला असतो तो फक्त लाइनकडचा भाग. चांगल्या लाइनवर, डायल टोनची खूण काढूनही स्पीकरमध्ये टोन ऐकू आला नाही, तर तेव्हा नवा घ्या.